आनसीचं तळं आणि आमचे साडू

आमचे साडू अण्णा पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणाच्या कामात उभी हयात घालवून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. खात्याला ही गोष्ट मान्य आहे, अण्णांना अजून नाही. नव्या गावात गेले की ते आधी वर बघून टाकी शोधतात आणि मग खाली बघून गटार. या दोन्हींच्या मधलं जे काही असेल, म्हणजे किल्ले, देवळं, राजवाडे, ते वेळ उरला तर.

अशा माणसाबरोबर फ्रान्समधल्या तळ्याकाठी निवांत फिरायचा योग आमच्या पत्रिकेत होता. अण्णांचा मुलगा जिनिव्हात नोकरीला. तिथून सरहद्द ओलांडली की थोड्या वेळात आनसी. "हॉटेलात काय राहायचं, काका? आपण कॅम्पिंग करू," तो मला म्हणाला. जमिनीवर अंथरूण टाकून झोपायला त्याच्या पिढीला पैसे मोजावे लागतात. आमच्या पिढीनं ही हौस लग्नाकार्यांत फुकट भागवून घेतली आहे.

तळ्याच्या दक्षिण टोकाला दूसार नावाचं गाव आहे, तिथं आमचा तंबू. फ्रेंच कॅम्पिंग म्हणजे रानावनात शेकोटी पेटवून बसणं, ही आमची समजूत फाटकातच गळून पडली. फाटकावर गाड्यांसाठी आडवा दांडा. आत प्रत्येकाला कुंपणाच्या झुडपांनी आखून दिलेला प्लॉट. रात्री दहानंतर आवाज बंद. सकाळचा पाव हवा असेल तर आदल्या संध्याकाळी वहीत नोंदवायचा. पोहण्याच्या तलावावर सैल बर्म्युडा चालत नाही, अंगाला घट्ट चड्डीच हवी. हा नियम वाचून बाकीचे लाजले. अण्णा मात्र म्हणाले, "बरोबर आहे, फिल्टरवरचा लोड कमी होतो." स्वच्छतागृहात कागद ज्यानं त्यानं आपापला न्यायचा. त्यामुळे सकाळी सगळ्या युरोपातली माणसं काखेत गुंडाळी घेऊन एका दिशेनं निघालेली दिसायची. त्यांच्यात आम्ही प्लास्टिकचा मग घेऊन, जमेल तेवढ्या ताठ मानेनं.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. निवांत बसणं फ्रेंचांनी फार गांभीर्यानं घेतलंय. शेजारचं जोडपं सकाळी दोन खुर्च्या तळ्याच्या दिशेनं मांडायचं आणि कामावर बसावं तसं बसायचं. जेवणाची सुट्टी घ्यायचं, पुन्हा बसायचं. मला वाटलं, काही आजारपण असेल. पण भाच्यानं सांगितलं की यामागे कायदा आहे. 1936 साली सरकारनं सगळ्या कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली, तेव्हा हजारो माणसं सायकली आणि तंबू घेऊन बाहेर पडली. 1956 साली तिसरा आठवडा मिळाला, 1969 साली चौथा आणि 1982 साली पाचवा. हे ऐकल्यावर शेजाऱ्यांबद्दल अण्णांचा आदर एकदम वाढला. ज्या गोष्टीचा जीआर निघाला आहे ती गोष्ट अण्णा मनापासून मानतात.

संध्याकाळी सातला आम्ही निघालो. ऊन अजून दुपारचं होतं. "आज घाई नाही," मेव्हणीनं सुरुवातीलाच बजावलं, "आणि अहो, तुम्ही वाकायचं नाही. समोर बघायचं."

तळ्याच्या या टोकाला दलदलीचा तुकडा राखीव ठेवलाय. वेतासारखं उंच गवत आणि त्यातून लाकडी फळ्यांची वाट. समोरून येणारा प्रत्येक माणूस 'बाँजूर' म्हणतो. उत्तर दिल्याशिवाय पुढं जाणं इथं असभ्य समजतात. आमच्या हिनं पहिल्या दहा-बाराजणांना हात जोडून नमस्कार केला, मग हात दुखायला लागल्यावर बाँजूरवर आली. डोक्यावर रंगीत पॅराशूटं तरंगत होती. पूर्वेच्या डोंगरावरच्या खिंडीतून माणसं उड्या मारतात आणि दूसारच्या मैदानात उतरतात. एकजण आमच्यावरून इतक्या खालून गेला की त्याच्या बुटांचे तळवे दिसले. त्यानंही वरून बाँजूर म्हटलं.

पुढं जुन्या रेल्वेमार्गावरची वाट लागते. आनसीहून आल्बेरव्हीलला जाणारी गाडी बंद पडली, रूळ निघाले आणि तिथं सायकलींसाठी गुळगुळीत डांबरी पट्टा झाला. इथं चालायचं उजवीकडून. आमचे पाय जन्मभर डावीकडून चाललेले. घंटी वाजली की आम्ही चौघं चटकन बाजूला व्हायचो, नेमके सायकलीसमोर.

पण तळं! हे मी निर्विकारपणे सांगू शकत नाही. काठाशी हिरवं, जरा आत निळं, आणि बोटी बांधलेल्या धक्क्यावरून खाली बघावं तर तळाचे गोटे वेगवेगळे दिसतात. एका गोट्याच्या सावलीत बोटाएवढे मासे ओळीनं उभे होते, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. पलीकडे तूर्नेत डोंगर, 2351 मीटर, उन्हानं वरून तांबूस झालेला. आम्ही तिघं गप्प झालो. भाचा म्हणाला, "युरोपातल्या सगळ्यांत स्वच्छ तळ्यांत याचं नाव घेतात. आनसीच्या नळाला याचंच पाणी येतं."

अण्णा थांबले. "आणि काठावरच्या एवढ्या गावांचं सांडपाणी?"

मेव्हणीनं कपाळावर हात मारला. पण आता उशीर झाला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही उत्सुकता होती. भाच्यानं फोनवर वाचून दाखवलं ते असं. दुसऱ्या महायुद्धानंतर काठाची गावं आणि हॉटेलं वाढली, आणि सगळ्यांची घाण सरळ तळ्यात जाऊ लागली. पोल सेर्व्हताझ नावाच्या स्थानिक डॉक्टरांनी ओरड सुरू केली की तळं मरतंय. तळं छान दिसत होतं, त्यामुळे पुष्कळांना ते पटेना. शेवटी 1957 साली काठावरच्या गावांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि तळ्याभोवती मलवाहिनीचं कडं टाकायला घेतलं. सगळं मैलापाणी त्या कड्यातून तळ्याला वळसा घालून शुद्धीकरण केंद्रात जातं, आणि शुद्ध केलेलं पाणीसुद्धा तळ्यात न सोडता खालच्या नदीत सोडतात. कड्याचं काम पुढं वर्षानुवर्षं चाललं होतं.

"1957!" अण्णा म्हणाले. "आणि गावं एकत्र आली?" त्यांना पाइपापेक्षा या दुसऱ्या गोष्टीचं आश्चर्य अधिक वाटत होतं. मग हिशेब सुरू झाला. काठानं पाइप न्यायचा म्हणजे उतार मिळणार नाही, जागोजागी पंपिंग लागणार. इन्व्हर्ट लेव्हल काय ठेवली असेल? तळ्याचं पाणी आत झिरपू नये म्हणून सांधे कसे केले असतील? समोर बघायचं वचन मोडून ते वाकले आणि वाटेच्या कडेनं झाकणं शोधू लागले. सायकलवाले त्यांना वळसा घालून जात होते, अर्थात बाँजूर म्हणून.

द्वँ गावाशी जमिनीची एक जीभ पाण्यात शिरते आणि तिच्या टोकाला झाडांत जुना किल्लेवजा वाडा आहे. सेझाननं 1896 साली पलीकडच्या तालुआरच्या काठावरून तो रंगवला. ते चित्र आता लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात असतं. गंमत म्हणजे सेझानला हा देखावा फारसा रुचला नव्हता. हौशी मुलींच्या चित्रवहीत शोभेल इतका तो गोड आहे, अशा अर्थाचं त्यानं पत्रात लिहिलं. एवढ्या निळ्या पाण्यापुढं उभं राहून कुरकुर करायची म्हणजे माणूस मोठा कलावंतच हवा. आमची ही आणि मेव्हणी अजिबात कलावंत नसल्यामुळे त्यांनी भराभर फोटो काढले.

तिथं एक ऐंशीच्या पुढचे आजोबा गळ टाकून बसले होते. अण्णा मुलाला म्हणाले, "विचार यांना, मेन लाइन कुठून जाते."

"बाबा, असं कसं विचारणार?"

"फ्रेंचमधून विचार."

भाचा काहीतरी दोन शब्द बोलला. आजोबांनी हसून मान हलवली.

"काय विचारलंस?"

"विचारलं की."

"एवढ्याशा वाक्यात मैलापाणी बसत नाही," अण्णा म्हणाले आणि स्वतः पुढं झाले. दोन्ही हातांनी त्यांनी तळ्याभोवतीचं कडं काढलं, मग नळ काढला, मग नाक दाबलं. आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी गळ खाली ठेवला, उठले आणि काठीनं अण्णांच्याच बुटाजवळ टकटक केलं. अण्णा झाकणावर उभे होते.

पुढचा अर्धा तास त्या दोघांचं काय बोलणं झालं ते भाच्यालाही कळलं नाही, कारण त्याची गरज दोघांनाही वाटली नाही. निघताना आजोबांनी आमचा फोटो काढून दिला. त्यात मधोमध झाकण आहे, भोवती आम्ही, आणि वाडा साफ कापला गेलाय.

मेव्हणी म्हणाली, "हा मी कुणालाही पाठवणार नाही." अण्णांनी तो तोवर निवृत्त अभियंत्यांच्या ग्रुपवर टाकला होता. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. तरी मिनिटाभरात नाशिकहून उत्तर आलं, "फ्रेम हेवी ड्युटी दिसते. व्हेंट कुठे?"

"बघ," अण्णा बायकोला म्हणाले, "जागी आहेत माणसं," आणि व्हेंट शोधायला निघाले.