शिकागोचे क्षेत्रोपाध्ये

नाशिकला गंगेवर किंवा गयेला गेलं की एक गृहस्थ आपणहून पुढे येतात. आडनाव विचारतात, मूळ गाव विचारतात आणि लाल कापडात बांधलेली चोपडी सोडून आपल्या पणजोबांची सही काढून दाखवतात. शिकागोलाही असे क्षेत्रोपाध्ये आहेत. त्यांची चोपडी फोनमध्ये असते, आणि ते घाटावर न राहता नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग अशा उपनगरांत दोन गाड्यांच्या गॅरेजमागे राहतात, एवढाच फरक.

वायटूकेच्या लाटेत ते इकडे आले. त्यानंतर नोकऱ्या बदलल्या, घरं बदलली, डोक्यावरचे केस गेले. शनिवारचं काम मात्र तेच राहिलं. मंडळातल्या कोणाचेही आईवडील, सासूसासरे, मावशी-काका भारतातून आले की त्यांना शिकागो दाखवायचं. ज्याचे पाहुणे असतात त्याचा नेमका त्याच शनिवारी रिलीज असतो. सूनबाई गाडी चालवतात, पण डाउनटाउनमध्ये नाही. मग उपाध्यांना फोन जातो. "तुम्हाला सगळं माहीत आहे हो," असं कोणी म्हटलं की उपाध्ये विरघळतात, आणि हे सगळ्या मंडळाला माहीत आहे. हंगाम मे ते ऑक्टोबर. थंडीत तीर्थच गोठलेलं असतं.

सगळं माहीत आहे हे खरं, पण ते सगळं म्हणजे काय, हे समजून घेतलं पाहिजे. कुठल्या म्युझियमला मागच्या दाराने व्हीलचेअर मिळते, कुठल्या दालनात बाक आहेत, तळ्यावरचा वारा किती वाजता सुटतो आणि शाल गाडीत ठेवून चालत नाही, हे उपाध्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्या मनातल्या नकाशावर शहराचे विभाग स्वच्छतागृहांवरून पडलेले आहेत. शिकागो कल्चरल सेंटरमध्ये प्रवेश फुकट असतो. १८९७ साली वाचनालय म्हणून बांधलेल्या या इमारतीत टिफनी काचेचा ३८ फूट व्यासाचा घुमट आहे. आजवर उपाध्यांनी असंख्य पाहुणे त्या घुमटाखाली नेऊन उभे केले, आणि त्यातला एकही घुमट बघायला म्हणून आत शिरला नव्हता.

सातला निघायचं ठरलेलं असतं. निघायला साडेनऊ होतात. वहिनींनी थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठं आणि "लागलं तर" म्हणून दहीभात दिलेला असतो. काकूंची साडी, साडीवर सुनेचं जॅकेट आणि पायांत मुलाने घेऊन दिलेले पांढरेशुभ्र स्नीकर्स. काका पुढच्या सीटवर. हायवेवरून शहराच्या इमारती दिसू लागल्या की उपाध्ये एक हात स्टिअरिंगवरून उचलून म्हणतात, "तो बघा सीअर्स टॉवर." २००९ पासून त्याचं अधिकृत नाव विलिस टॉवर आहे. पण ज्याने व्हीटीला अजून सीएसएमटी म्हटलेलं नाही, त्याच्याकडून ही अपेक्षा करू नये.

"एकशे दहा मजले. पंचवीसएक वर्षं जगात सगळ्यात उंच होता. आणि इंजिनिअर कोण? आपला माणूस. फजलूर रहमान खान."

"आपला म्हणजे?"

"ढाक्याचा. पण जन्म १९२९ चा. तेव्हा सगळं एकच होतं."

कोणाला आपला म्हणायचं, या बाबतीत उपाध्ये उदार आहेत. मिलेनियम पार्कमधला तो आरशासारखा चकचकीत महाकाय दाणा, ज्याला सगळं जग 'बीन' म्हणतं, तो अनिश कपूरचा. कपूर १९५४ साली मुंबईत जन्मला, म्हणजे आपलाच. आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये १८९३ साली सर्वधर्म परिषद भरली, तिथे विवेकानंद बोलले. ते तर आपलेच. त्या भाषणाचे शब्द २०१० मध्ये त्याच इमारतीच्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांवर रंगीत दिव्यांनी उजळवणारा जितिश कल्लाट, तोही मुंबईचा. दुपारपर्यंत काकांची अशी समजूत होते, की हे शहर आपल्याच लोकांनी उभारलं आणि देखभालीसाठी अमेरिकनांकडे दिलं. सुट्टी काढून लेकाने आपल्याला फिरवलं नाही, याची खंत तेवढ्यापुरती कमी होते. उपाध्यांना हेच साधायचं असतं.

पैशाची बाजूही सांभाळावी लागते. पाहुणा तिकिटाच्या खिडकीपाशी उभा राहिला की त्याच्या डोक्यात गुणाकार सुरू होतो आणि तो संपेपर्यंत रांग अडते. म्हणून उपाध्ये तिकिटं आदल्या रात्रीच काढतात आणि विचारलं तर "आपल्याला सवलत असते" एवढंच सांगतात. सवलतींचा अभ्यास दांडगा. इलिनॉयच्या रहिवाशांना बऱ्याच म्युझियमांत ठराविक दिवशी फुकट सोडतात, हे हेरून एकदा त्यांनी मोठा चमू नेला. दारात ओळखपत्र मागितलं. रहिवासी एकटे उपाध्ये निघाले. ते फुकट आत गेले, बाकीच्यांची पूर्ण तिकिटं त्यांनीच काढली. जॉन हॅनकॉक टॉवरच्या ९६ व्या मजल्यावर एक बार होता. खाली ९४ व्या मजल्यावरच्या गच्चीचं तिकीट काढण्यापेक्षा दोन मजले वर जाऊन एक पेय मागवायचं आणि तोच देखावा बघायचा, ही युक्ती त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. २०२३ मध्ये ती जागा बंद पडली. घरातलं माणूस गेल्यासारखे ते काही दिवस वावरत होते.

पण त्यांचा खरा इलाखा म्हणजे फील्ड म्युझियम. आत पाऊल टाकल्याबरोबर १२२ फूट लांबीचा डायनोसॉर समोर येतो. पाहुणे तिथेच फोटो काढून परत फिरू लागतात. मग उपाध्ये सांगतात, की हा मॅक्सिमो, हाडांची प्रतिकृती आहे. खरी ती 'सू', वरच्या दालनात. टायरानोसॉरस रेक्स, सहा कोटी सत्तर लाख वर्षांपूर्वीची, नव्वद टक्के हाडं शाबूत. १९९० मध्ये साउथ डकोटात सू हेंड्रिक्सन या बाईंना सापडली, म्हणून तिचं नाव सू. १९९७ च्या लिलावात तिला त्र्याऐंशी लाख डॉलरच्या वर किंमत आली.

हे सगळं उपाध्ये पुराण सांगावं तसं एका दमात सांगायचे. एकदा एका काकांनी मधेच हात वर केला. हे महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले.

"जमीन कोणाची?"

"कुठली जमीन?"

"हाडं जिथे निघाली ती. सातबारा कोणाच्या नावावर होता?"

उपाध्ये हसले. रात्री घरी येऊन त्यांनी शोधलं, तेव्हा त्यांची झोप उडाली. कारण सगळी भानगड तिथेच होती. खोदणाऱ्या कंपनीने जमीनमालकाला पाच हजार डॉलर दिले आणि हाडं नेली. मालक मूळनिवासी जमातीचा. त्याची जमीन सरकारने त्याच्यासाठी विश्वस्त म्हणून धरलेली. १९९२ मध्ये एफबीआयने येऊन हाडं जप्त केली. कोर्टाने निकाल दिला, की जमिनीत गाडलेलं हाड हा जमिनीचाच भाग, आणि अशी जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. सबब व्यवहार रद्द, सू मालकाची. म्हणून तो लिलाव. दुसऱ्या दिवशी उपाध्यांनी काकांना फोन करून हे सांगितलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, "आदिवासी जमीन. कलेक्टरची परवानगी घ्यायला हवी होती. आमच्याकडे पण तेच."

या प्रसंगानंतर उपाध्यांच्या पौरोहित्यात फरक पडला. ते पाहुण्यांचे प्रश्न गंभीरपणे ऐकू लागले. आणि त्यांच्या ध्यानात आलं, की महाराष्ट्र शासनाच्या सेवेतून निवृत्त झालेला माणूस जगात कुठेही नेऊन उभा करा, त्याला बरोबर दुखरी नस सापडते.

पाटबंधारे खात्यातले एक काका बोटीत बसले होते. नदीतून दीड तास इमारती दाखवत नेणारी ही सहल म्हणजे शिकागोची पंचक्रोशी. निवेदक उत्साहाने सांगत होता, की शहराचं सांडपाणी नदीतून तळ्यात जायचं आणि पिण्याचं पाणी त्याच तळ्यातलं. म्हणून १९०० साली कालवा खणून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. सगळ्या बोटीने टाळ्या वाजवल्या. काका तेवढे वाजवत नव्हते.

"म्हणजे घाण खालच्या गावांकडे सोडली. खालचे लोक गप्प बसले?"

नव्हते बसले. सेंट लुईससाठी मिझुरी राज्य थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९०६ मध्ये खटला हरलं, पण गेलं.

बांधकाम खात्यातल्या काकांना डायनोसॉर दाखवला, नदी दाखवली. त्यांचं लक्ष रस्त्याच्या कडेच्या पार्किंग मीटरवर. २००८ मध्ये महापालिकेने शहराचे मीटर ७५ वर्षांच्या कराराने खासगी कंपनीला दिले आणि सुमारे ११५ कोटी डॉलर एकरकमी घेतले, ही उपाध्यांची जुनी ठसठस. दर वाढले तेव्हापासून ते रस्त्यावर गाडी लावत नाहीत. काकांनी विचारलं, "पंचाहत्तर वर्षांचं मूल्यांकन कोणी केलं? फार घाईत सही झालेली दिसते." पुढच्याच वर्षी महापालिकेच्या इन्स्पेक्टर जनरलनेही अहवालात हेच म्हटलं होतं, की शहराने मीटर फार स्वस्तात दिले. काकांनी अहवाल वाचलेला नव्हता. त्यांनी त्यांच्या उमेदीत टोलनाके बघितले होते.

काकूमंडळी सरकारी नोकरीत नसल्या तरी मागे राहत नाहीत. आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये ग्रँट वुडचं 'अमेरिकन गॉथिक' आहे, १९३० चं. हातात दाताळं घेतलेला म्हातारा शेतकरी आणि शेजारी ओठ आवळून उभी बाई. सगळ्या जगाला ते नवराबायको वाटतात. उपाध्यांनी खुलासा केला, की चित्रकाराच्या मनात ते बाप-लेक होते. काकूंनी चित्र पुन्हा नीट न्याहाळलं. "मग बरोबर आहे. लग्नाची मुलगी घरात असली की बापाचा चेहरा असाच होतो." फील्ड म्युझियममधले त्सावोचे सिंह बघून दुसऱ्या एक काकू थबकल्या. १८९८ मध्ये केनियात रेल्वेचा पूल बांधताना या दोन नरभक्षकांनी मजुरांना उचलून नेलं. त्यातले कित्येक मजूर हिंदुस्थानातून नेलेले. ज्या साहेबाने सिंह मारले, त्याने कातडी पुढे वर्षानुवर्षं घरात गालिचा म्हणून अंथरली आणि मग म्युझियमला पाच हजार डॉलरला विकली. काकूंना आयाळ नसल्याचं नवल वाटलं नाही, किमतीचंही नाही. "मजुरांची नावं लिहिली आहेत का कुठे?" त्यांनी विचारलं आणि काचेवरच्या पाट्या शेवटपर्यंत वाचून काढल्या. उपाध्यांनी इतक्या वर्षांत त्या कधी पुऱ्या वाचल्या नव्हत्या. त्या दिवशी वाचल्या.

संध्याकाळी मिलेनियम पार्क. पन्नास फुटी काचेच्या मनोऱ्यावर शिकागोकरांचे हजार चेहरे आळीपाळीने उमटतात आणि मधेच तोंडातून पाण्याची धार सोडतात. "चूळ भरतोय," काका म्हणतात. प्रत्येक काका म्हणतात. मग बीनसमोर फोटो. काकू त्या ११० टनी पोलादात बघून पदर सारखा करतात, आणि उपाध्ये फोटो काढतात, ज्यात फोटो काढणारे उपाध्येही येतात. म्हणूनच त्यांच्या चोपडीत प्रत्येक पानावर यजमानांच्या मागे, छोटासा, वाकडातिकडा, एक पुरोहित आहे. केस आधी काळे, मग पांढरे, मग नाहीतच. सगळ्यात जुना फोटो २००४ चा. त्यात बीनच्या १६८ पत्र्यांमधले सांधे दिसतात; ते घासून गुळगुळीत करायचं काम तेव्हा उरकलं नव्हतं. कोणाचा नातू आता इकडे शिकायला आला की उपाध्ये तो फोटो काढतात. "हे तुमचे आजोबा. इथेच उभे होते. तेव्हा हिचे टाके पण निघाले नव्हते."

दक्षिणा वस्तुरूपात मिळते. बाकरवडी, मेतकूट, भाजणी, आणि "तुमच्या मापाचा असेल बहुतेक" म्हणून एक कुर्ता, जो कधीच मापाचा नसतो. उपाध्ये तो घालतात आणि पुढच्या शनिवारच्या फोटोत घट्ट दिसतात.

अलीकडे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले आहेत. सीअर्स टॉवरच्या १०३ व्या मजल्यावर काचेची खोकी इमारतीबाहेर काढलेली आहेत, पायाखाली थेट १३५३ फूट. पूर्वी काकू बेधडक त्यात जाऊन उभ्या राहायच्या, काका "मी इथूनच बघतो" म्हणत खांब धरायचे आणि उपाध्ये मधे उभं राहून दोघांनाही धीर द्यायचे. आता ते स्वतःच खांबाजवळ असतात. म्हणून त्यांनी एक शिष्य धरला आहे. पुण्याहून नुकताच आलेला, तरुण, हुशार, पुढच्या महिन्यात त्याचेच आईवडील यायचे आहेत. उपाध्यांनी त्याला गॅरेज दाखवलं, बाक दाखवले, घुमटाखालचा मार्ग दाखवला, तिकिटं आदल्या रात्री काढायला शिकवलं. पोरगा फोनवर सगळं टिपून घेत होता. शेवटी त्याने विचारलं, "काका, आणि म्युझियममध्ये गेल्यावर माहिती काय काय सांगायची?"

"काहीही सांगू नकोस," उपाध्ये म्हणाले. "फक्त विचार, रिटायर कुठल्या खात्यातून झालात."