मादामच्या घड्याळात साडेसात

मादामच्या गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा असतो. तो त्या डोळ्यांवर चढवतात दोनच वेळा: वाइनची यादी वाचताना आणि पाहुणा वाचताना.

फ्रान्समध्ये बर्गंडीच्या मोरवाँ भागात, रानाच्या कडेनं मोटारीतून जाऊ लागलात की अशा मादाम गावोगाव भेटतात. गावही ठरलेलं. चर्च, बेकरी, पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावं कोरलेला दगड, आणि चौकाच्या कोपऱ्यावर आठ-दहा खोल्यांचं हॉटेल. काही ठिकाणी दारावर हिरवी पाटी, तिच्यावर पिवळी चूल. ही ‘लोजी’ नावाच्या संघटनेची खूण. तिच्यात खोल्यांचा दर्जा चुलींत मोजतात आणि जेवणाचा पातेल्यांत. मादामचं सगळं लक्ष पातेल्यांकडे.

आम्ही पोचलो दुपारी तीनला. दाराला कुलूप. पाचला उघडेल, असं आतल्या बाजूनं काचेवर चिकटवलेला कागद सांगत होता. दोन तास आम्ही चौकातल्या बाकावर बसून होतो. पुण्याचं नाव मी इथे मुद्दाम घेत नाही.

पाचला दार उघडलं. मी बॅग ओढत आत शिरलो आणि विचारलं, “आमची खोली?” मादामनी माझ्या खांद्यावरून मागच्या भिंतीकडे पाहिलं. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. भिंत अजून तिथेच होती. “अहो, आधी बोंजूर म्हणा,” बायको पुटपुटली आणि स्वतःच म्हणाली, “बोंजूर, मादाम.” पुण्याच्या आलियाँस फ्राँसेजमध्ये दोन वर्षं घातलेली फी त्या दोन शब्दांत वसूल झाली. मादामचा चेहरा उजळला, चष्मा चढला, वही उघडली. बोंजूर म्हणेपर्यंत मी त्या हॉटेलात आलोच नव्हतो.

खोली दाखवायला त्या स्वतः आल्या. जिन्यातला दिवा बटण दाबलं की लागतो आणि आपण नेमके मधल्या वळणावर असताना आपोआप विझतो. मादाम अंधारात तशाच चढत राहिल्या. पलंगावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांबलचक लोड. तो नवऱ्यानं ओढला की बायकोचं डोकं खाली येतं. खिडकीतून पांढऱ्या शारोले गाई दिसत होत्या. मी वाय-फायचं विचारलं. मादाम म्हणाल्या, “साडेसातला जेवण.” त्यांच्या लेखी खोली म्हणजे जेवणाचं परिशिष्ट. इतकं जेवल्यावर माणसाला गाडी चालवता येणार नाही, म्हणून वर पलंग ठेवलेले.

हा उलटा हिशेब मादामनी शोधलेला नाही. मिशलँ या टायर कंपनीनं १९००मध्ये मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका काढली. लोकांनी गाड्या काढाव्यात, हिंडावं आणि टायर झिजवावेत हा उद्देश. पुढे १९२६मध्ये तिच्यात चांगल्या जेवणाला तारा देणं सुरू झालं आणि १९३१मध्ये एक, दोन, तीन अशा पायऱ्या आल्या. तीन तारे म्हणजे केवळ तिथे जेवायला म्हणून प्रवास करावा असं ठिकाण. जवळच्या सोलियू गावात आलेक्साँद्र द्यूमेन यांच्या हातचं खायला लोक पॅरिसहून गाडी हाकत येत. मादामकडे एकही तारा नाही. त्याबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या, “तारा आला की भाव चढतो आणि शेजारी यायचे थांबतात.” हे बोलताना त्या काच पुसत होत्या आणि नेहमीपेक्षा जरा जोरात पुसत होत्या, असं मला वाटलं.

साडेसात म्हणजे साडेसात. सात पस्तीसला उतरलो तेव्हा मादाम जिन्याच्या पायथ्याशी उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. नुसतं भिंतीवरच्या घड्याळाला दर्शन दिलं.

पहिल्यांदा कीर आलं. काळ्या करंटांच्या मद्यात आलिगोते ही पांढरी वाइन. हे नाव फेलिक्स कीर यांचं. ते धर्मगुरू आणि १९४५ ते १९६८ दीजाँचे महापौर. पालिकेत आलेल्या पाहुण्यांच्या हाती ते हाच पेला देत. मादाम हे सारं आमच्या पहिल्या घोटाआधी सांगतात. गोष्ट संपेपर्यंत प्यायचं नसतं, सत्यनारायणाच्या प्रसादासारखं.

मग ‘अफ आँ म्यूरेत’. लाल वाइनच्या दाट रश्श्यात सोडलेली अंडी, खाली लसूण चोळलेला भाजका पाव. रंग जांभळा. आमच्या घरी अंडं या रंगाचं झालं असतं तर टाकून दिलं असतं. बायकोनं बशी पावानं पुसून इतकी स्वच्छ केली की मादामनी ती उचलताना तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या बशीत थोडा रस्सा उरला होता. माझ्या खांद्यावर काही आलं नाही.

त्यानंतर मांस. किती शिजवायचं, असा प्रश्न आला. मी घोकून ठेवलेलं म्हणालो, “ब्याँ क्वी.” म्हणजे पूर्ण शिजवलेलं. मादामचं पेन्सिल धरलेलं बोट वहीवर थांबलं. “शेफ रडेल,” त्या म्हणाल्या.

या शेफचा उल्लेख दिवसभर चालतो. शेफला घाई आवडत नाही. शेफला केचप हा शब्द सहन होत नाही. मादाम नुसत्या पुजारीण, कोप करणारा देव आत बसलेला. मी तडजोड म्हणून ‘आ प्वाँ’ म्हटलं, म्हणजे मध्यम. मादामनी बरंच काही लिहिलं, त्यात माझं म्हणणं किती होतं ते कळलं नाही. ताटात आलेलं गुलाबी होतं. मी ते बटाट्यानं झाकून खाल्लं. उत्तम होतं. पण हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

आणि मग चीजची गाडी आली. वरच्या फळीवर एप्वास. या चीजची साल मार नावाच्या द्राक्षाच्या दारूनं धूत धूत मुरवतात. वास असा की गाडी दाराशी असतानाच मी खिडकी शोधू लागलो. “नो, मेर्सी,” मी म्हणालो.

गाडीची चाकं थांबली. शेजारच्या टेबलावरचं म्हातारं जोडपं थांबलं. टेबलाखालचा त्यांचा कुत्रा, ज्याला बोंजूर न म्हणताही पाण्याचं भांडं मिळालं होतं, त्यानंही डोकं वर केलं. मादामनी चष्मा चढवून मला नीट वाचलं. मग हळू आवाजात बायकोला काहीतरी विचारलं. “काय म्हणतायत?” मी विचारलं. “पोट बिघडलंय का, म्हणतायत.”

चीज नको म्हणणारा माणूस आजारी असतो, यापलीकडे त्यांना काही सुचूच शकत नव्हतं. दहा मिनिटांत माझ्यापुढे व्हर्वेन या वनस्पतीचा काढा आला. सकाळी न्याहारीला म्हाताऱ्या जोडप्यानं माझी तब्येत विचारली. बेकरीवालीनंही विचारली. तिला मी आयुष्यात प्रथमच भेटत होतो.

दुसऱ्या रात्री मी मनाशी हिशेब केला. आपण कोकणातले. सुकटीचा डबा उघडल्यावर शेजारची बिऱ्हाडं खिडक्या लावतात आणि आपल्या तोंडाला पाणी सुटतं. त्या माणसानं एका चीजला भ्यावं? गाडी आली. मी एप्वासकडे बोट केलं. मादामनी चमच्यानं भला मोठा ऐवज काढला. आत ते मऊ, वाहतं, खारट आणि थोडंसं गोड होतं. मी आणखी मागितलं. मादाम स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून काहीतरी ओरडल्या. दार किलकिलं झालं आणि पांढऱ्या डगल्यातला एक बारीकसा माणूस डोकावला. भीत भीत हसला. “मीठ!” मादाम त्याला म्हणाल्या, “काल रश्श्यात मीठ जास्त होतं, मस्यूंनी ठेवला होता!” तो लगेच आत गेला. देव बघितला तो एवढाच.

सकाळी बिल हातानं लिहिलेलं होतं, काढ्याचे पैसे लावलेले नव्हते. आज कुठे मुक्काम, असं मादामनी विचारलं. ओव्हेर्नमधल्या गावाचं नाव ऐकल्यावर त्यांनी फोन उचलला आणि बराच वेळ बोलल्या. बायको ऐकत होती आणि हसू दाबत होती. काय म्हणाल्या ते तिनं गाडीत सांगितलं नाही.

तिथल्या हॉटेलचं दार पाचला उघडलं. काउंटरमागे एक बुटक्या बाई होत्या, गळ्यात साखळी, साखळीला चष्मा. मी बॅग बाहेरच ठेवली आणि बायकोच्या आधी म्हणालो, “बोंजूर, मादाम.”

“बोंजूर, मस्यू,” त्या म्हणाल्या आणि चष्मा चढवला. “पोट आता कसं आहे?”