बुलेटला उतार, आजीला पायऱ्या

धरमतर खाडीच्या अंगाने वडखळकडून आत वळलं की खारेपाटातली, म्हणजे खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातली, नवी घरं दिसू लागतात. गुलाबी, पोपटी, मधूनच एखादं जांभळं. जोतं कमरेएवढं, पुढे ग्रॅनाइटच्या सहा पायऱ्या आणि पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा एक अरुंद पट्टा. हा पट्टा चाकाच्या खुर्चीसाठी असेल असं वाटलं, तर तुम्ही नक्की मुंबईचे. तो बुलेटसाठी आहे. रात्री बुलेट ओटीवर चढते, सकाळी उतरते. आजी मात्र एकदा चढली ती चढलीच. तिला उतरवायला दोन नातू लागतात, आणि नातू बुलेटवर गेलेले असतात.

उंच जोत्याला नावं ठेवायचं कारण नाही. इथे पाणी विचारून येत नाही. अंबा नदी याच खाडीत येऊन मिळते. जुलै १९८९ च्या पुरात तिने वर जांभूळपाड्यात काय केलं, ते लोक अजून सांगतात. नदीला सवड नसली तर समुद्र आहेच. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात बाहेरकाठ्याला, म्हणजे समुद्राकडच्या बांधाला, खांड गेली की खारं पाणी शेतातून थेट अंगणात. या बांधबंदिस्तीसाठी सरकारने १९७९ साली खारभूमी विकासाचा कायदा केला. लोकांनी कायदा वाचला नाही, जोत्याचा एक थर वाढवला. शहाणपणाच केला. फक्त घरात पाणी शिरणार नाही एवढंच पाहिलं. माणूस शिरेल का, हा प्रश्न पुढच्या पिढीवर सोडला. पुढची पिढी म्हणजे बहुधा तोच घरमालक, सत्तरी ओलांडलेला.

आता उताराचं गणित. नियम सांगतो, एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी. जोतं ३ फूट, म्हणजे उतार ३६ फूट. मध्ये दम खायला सपाट जागा लागते ती वेगळी. बुलेटचा पट्टा असतो जेमतेम सहा-सात फूट. त्यावरून कुणाला खुर्चीत बसवून वर ढकलून बघा, दुसऱ्या दिवशी ढकलणाऱ्यालाच खुर्ची लागेल.

घरकुलात तर आणखी गंमत. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. चौकोनी बांधलं तर बाजू साडेसोळा फुटांच्या आत. म्हणजे उतार घराच्या दुपटीहून लांब. घराला उतार जोडायचा की उताराला घर, हे आधी ठरवा. सपाट भागातलं अनुदान १ लाख २० हजार. त्यात सळई, रेती आणि गवंड्याची मजुरी यांचंच भांडण मिटत नाही, उताराचं नाव कोण काढणार? इकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगतो, सरकारी घरवाटपात ५ टक्के वाटा राखीव ठेवा. तेव्हा घर मिळण्याची सोय झाली. आत कसं जायचं, ते ज्याचं त्याने बघावं.

न्यायालयाने हात लावला नाही असंही नाही. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात केंद्राला स्पष्ट सुनावलं, की सुगम्यतेबाबतचा २०१७ च्या नियमांतला पंधरावा नियम नुसत्या शिफारशी करतो, तो कायद्याशी विसंगत आहे. तीन महिन्यांत सक्तीचे निकष ठरवा. फार चांगलं झालं. पण हा सगळा खटाटोप कचेऱ्या, स्थानकं, दवाखाने यांच्या दारापर्यंत. तुमच्या-आमच्या न्हाणीत सर्वोच्च न्यायालय येत नाही. तिथे अंतिम निकाल गवंड्याचा. तो म्हणतो, “दादा, उतार म्हंजे जागा फुकट.” अपील नाही.

न्हाणीचीच गोष्ट घ्या, कारण म्हातारी माणसं तिथे बरेचदा पडतात. दार दोन फुटी, कारण बाजारात तयार फायबरचं दार त्या मापाचं स्वस्त मिळतं. चाकाची खुर्ची साधारण २५ ते २७ इंच रुंद. तीन इंचांवर माणसाची अब्रू अडते. मग त्याला खुर्चीतून उचलायचं, आडवं धरायचं आणि आत न्यायचं, तेही सुनेने. आत जाताना चार इंचांची पायरी, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. फरशी अशी गुळगुळीत की तोंड दिसावं. पडल्यावर दिसतंच. भिंतीवर शॉवर, मिक्सर, टॉवेलची नक्षीदार दांडी, सगळं असतं. नाही तो फक्त धरायला एक भक्कम लोखंडी दांडा. टॉवेलच्या दांडीला धरून उठायचा प्रयत्न होतो आणि दांडी स्क्रूसकट हातात येते.

म्हणून जुन्या कौलारू घरासाठी गळा काढावा, असं मात्र अजिबात नाही. दार बुटकं, उंबरठा वीतभर, माळ्याची शिडी जवळजवळ उभी, आणि संडास परसाच्या टोकाला. पावसाळ्यात तिथवर जाणं ही स्वतंत्र मोहीम होती. पण एक युक्ती त्या घरात होती. म्हाताऱ्या माणसाच्या खाटेवर वाशाला दोर बांधलेला असे. हाताला बसेल अशी गाठ, उठताना धरायची. ना कंपनी, ना अनुदान. स्लॅब आला, वासा गेला, आता छताला पंख्याचा हूक तेवढा उरला आहे.

अमेरिकेत ‘युनिव्हर्सल डिझाइन’ हा शब्द रूढ करणारा रोनाल्ड मेस वास्तुविशारद होता आणि लहानपणीच्या पोलिओमुळे स्वतः चाकाच्या खुर्चीत होता. आपल्याकडे कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथनच लिहिलं, आणि स्वतः खुर्चीत असून अपंगांसाठी संस्था उभी केली. बसून जगणाऱ्याला दार किती हवं ते कळतं. उभ्याने नकाशा काढणाऱ्याला मुळात तो प्रश्नच सुचत नाही. आपल्या गावी तर नकाशाही नसतो, वाळूवर काठीने रेघ ओढतात.

खरं तर खारेपाटात ३६ फूट ही फार मोठी अडचण नाही. अंगणात भराव टाकायचाच असतो. मुरमाचे डंपर येतात, पैसे मोजले जातात. तोच भराव दारापासून गेटपर्यंत हळूहळू उतरवत नेला, तर वेगळा रॅम्प कशाला? जागा कमी असेल तर घराच्या कुशीने एकदा वळवा. न्हाणीला पायरी न घालता फरशीलाच मोरीकडे ढाळ द्या, दार तीन फुटी बसवा, खडबडीत फरशी लावा. बांधताना हे केलं तर खर्च फार वाढत नाही. नंतर करायचं म्हणजे फोडाफोड, आणि ती आजी पडल्यावर, हाड जुळायला पडून असताना, ऐन पावसाळ्यात.

माप घेणं आपल्याला जमत नाही, असं तर मुळीच नाही. पेणच्या किंवा हमरापूरच्या कारखान्यात गणपती ठरवायला येणारं गिऱ्हाईक बघा. मूर्ती आवडली की लगेच घरी फोन, “दाराची चौकट मोज रे, प्रभावळ अडकेल का?” घरचा माणूस टेप घेऊन उंबरठ्यात उभा राहतो, इंच न् इंच सांगतो. दीड दिवसाचा पाहुणा, पण दारात अडकता कामा नये. त्या वेळी आजी ओटीवरच बसलेली असते. टेपचं दुसरं टोक तिनेच धरलेलं असतं.