माणूस नसलेल्या जागेच्या शोधात

मुंबईच्या लोकल स्टेशनांवर तिकिटाची रांग कमी व्हावी म्हणून रेल्वेने एटीव्हीएम म्हणजे तिकीट देणारी मशिनं बसवली. पडद्यावर बोट लावायचं, स्टेशन निवडायचं, तिकीट घ्यायचं. मधे माणूस नको, असा बेत होता. मग लक्षात आलं की मशीनपाशी माणूस उभा असल्याशिवाय माणसं मशीनकडे फिरकत नाहीत. तेव्हा रेल्वेने निवृत्त कर्मचाऱ्यांना कमिशनवर तिथे उभं केलं आणि त्यांना ‘फॅसिलिटेटर’ असं भारदस्त नाव दिलं. आता चित्र असं असतं: तीन मशिनं, त्यातल्या एकापाशी काका, काकांसमोर बारा जणांची रांग, आणि उरलेली दोन मशिनं मोकळी. ‘काका, एक ठाणे रिटर्न’ म्हणायचं, पैसे द्यायचे, काका पडद्यावर टकटक करतात. रांग मोडायला आणलेल्या यंत्राची आपण पुन्हा खिडकी करून टाकली, फक्त मधली काच तेवढी गेली.

हा मुंबईचाच गुण म्हणावा तर ऑफिसातलं कॉफीचं मशीन बघा. बटणावर ‘चहा’ असं लिहिलेलं असतं, चित्रही असतं, तरी पॅन्ट्रीतला मुलगा येऊन ते दाबतो तेव्हाच कपात पडलेल्या द्रवाला चहा म्हणायचा धीर होतो. आयआरसीटीसीने फलाटांवर पाण्याची मशिनं लावली, सुरुवातीला एका रुपयात ग्लासभर पाणी मिळे. तिथेही भरून द्यायला कुणीतरी बसलेलं असायचं, आणि तो जागचा उठला की पाणीही उठायचं. पुढे त्यातली बरीच बंद पडली. व्हेंडिंग मशीनचा धंदा काढू पाहणाऱ्याने भांडवलाच्या आधी हा पुरावा विचारात घ्यावा. दुकानातून माणूस वजा केला की उरतं ते व्हेंडिंग मशीन, आणि आपल्याकडे वजा केलेला माणूस चार दिवसांत स्टूल घेऊन परत येतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की थोड्या पैशात हा धंदा करायचा तर आधी मशीन शोधू नये. जिथे माणूस नसतो, किंवा असून अडचण होते, अशी जागा आणि अशी वेळ शोधावी. मशीन मागाहून हप्त्यावरही मिळतं.

अशी जागा सापडली की मशीन किती सुखाने चालतं याचं उदाहरण आपल्याच फलाटांवर होतं. लाल-पिवळे दिवे लुकलुकणारं वजनाचं मशीन! वर चढायचं, चाक थांबेपर्यंत श्वास धरायचा, नाणं टाकायचं, खट्ट आवाज होऊन जाड पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. त्याच्या शेजारी कधी फॅसिलिटेटर लागला नाही. कारणं सरळ आहेत. गाडी लेट असल्याने गिऱ्हाईक रिकामं होतं. आपलं वजन माणसाकडून मोठ्याने ऐकण्यापेक्षा पुठ्ठ्यावर वाचणं बरं वाटे. आणि विकला जाणारा माल असा होता की त्यावर एमआरपी छापलेली नव्हती. भविष्याला छापील किंमत नसते, हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, आपल्याला त्याचा लगेच उपयोग आहे. जाता जाता, या धंद्याचे मूळपुरुष म्हणजे अलेक्झांड्रियाचे हेरॉन. इसवीसनाच्या पहिल्या शतकात त्यांनी नाणं टाकल्यावर मोजकं तीर्थ देणाऱ्या यंत्राचं वर्णन करून ठेवलं आहे. नाणं तबकडीवर पडायचं, तरफ झुकायची, झडप उघडायची. नाणं घरंगळलं की तीर्थ बंद. म्हणजे पहिल्या व्हेंडिंग मशीननेही एमआरपी नसलेला मालच निवडला होता.

आता हिशेब. काचेचा दरवाजा आणि आत तारेची वेटोळी असलेलं, थंड ठेवणारं मशीन साधारण दोन लाखांना पडतं असं धरू. त्यात वीस रुपयांची पाकिटं आणि बाटल्या भरल्या आणि दिवसाला साठ नग खपले, तर गल्ला बाराशे. किराणा दुकानदाराला सुटतात तसे सरासरी पंधरा टक्के धरले तर १८० रुपये. फ्रीज दिवसाला सहा युनिटं खातो, अकरा रुपयांनी ६६ गेले. जागामालकाला विक्रीवर पाच टक्के, म्हणजे ६० गेले. उरले ५४. महिन्याचे १,६२० झाले. दोन लाख वसूल व्हायला दहा वर्षं आणि वर तीन-चार महिने, आणि यात माल भरायला जाणारी रिक्षा, बिघडलेली मोटर, उंदीर आणि जीएसटी अजून आलेलेच नाहीत. ‘मग पाकीट पंचवीसला विका की!’ असं कुणी म्हणेल. तेच तर करता येत नाही. लीगल मेट्रॉलॉजीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणं गुन्हा आहे. परदेशात मशीन सोयीचे पैसे वर लावतं. इथे मशीनला कोपऱ्यावरच्या टपरीच्या भावातच विकायचं, आणि टपरीला ना फ्रीजचं कर्ज, ना वेटोळ्याची मोटर. शिवाय टपरीवर उधारी चालते. वहीत नाव लिहून घेणारं मशीन अजून निघालेलं नाही.

यावर जपानचं नाव निघतं. व्हेंडिंगच्या चर्चेत जपान हे, क्रिकेटच्या चर्चेत डॉन ब्रॅडमन यावेत तसं, येतंच. तिथे चाळीस लाखांच्या आसपास मशिनं आहेत, गल्लीबोळात, शेताच्या कडेला, डोंगरवाटेवर. खरं आहे. पण ती तिथे का रुजली ते बघावं. १९६७ साली शंभर येनचं नाणं चांदीऐवजी तांबं-निकेलचं झालं, मुबलक झालं, आणि त्या एका नाण्यात पेय मिळू लागलं. आपल्याकडे दहाच्या नाण्याची कथा अशी की ते खोटं आहे, चालत नाही, ही अफवा इतकी पसरली की २०१८ साली रिझर्व्ह बँकेला जाहीर करावं लागलं की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत. ज्या देशात सरकारचं नाणं रिक्षावाला घेत नाही, तिथे ते मशीनने ओळखावं ही अपेक्षा जास्त झाली. आणि जपानात दुकानात उभं राहायला माणूस महाग आहे. आपल्याकडे माणूस स्वस्त, जागा महाग आणि वीज व्यापारी दराने. तिथलं सगळं गणित इथे उलटं बसतं.

‘तो नाण्यांचा जमाना गेला, आता यूपीआय आहे,’ ही हरकत जास्त वजनदार आहे आणि ती अर्धी मान्य करायला हवी. २०१६ नंतर सुट्ट्या पैशांचा प्रश्न खरोखरच सुटला, मशीनवर क्यूआर आला. पण तोच क्यूआर टपरीवरही आला, आणि ती वर ‘बीस रुपये प्राप्त हुए’ असं ओरडूनही सांगते. दोघांच्या हाती एकच शस्त्र आलं की युद्ध जिथे होतं तिथेच राहतं. आणि गडबड झाली तर? मशीनचं वेटोळं एक पूर्ण फेरा घेतं आणि थांबतं. वेफर्सचं पाकीट पुढे सरकतं, झुकतं, पडणार पडणार, आणि त्याचा एक कान तारेत अडकून ते काचेमागे तसंच लोंबत राहतं. फोनवर ‘पेमेंट सक्सेसफुल’. या क्षणी मराठी माणसाला पाकीट नको असतं, भांडायला कोणीतरी हवं असतं. टपरीवर ते मिळतं. मशीनवर एक टोल फ्री नंबर असतो, त्यावर इंग्रजीसाठी एक दाबायचं असतं. अमेरिकेत याच क्षणी लोक मशीनला धरून हलवत. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नोंदीप्रमाणे १९७८ ते १९९५ या काळात अंगावर मशीन पडून किमान ३७ माणसं गेली. नव्या मशिनांत माल खाली पडला की नाही ते बघणारा सेन्सर असतो. दोन पैसे जास्त मोजून तो घ्यावाच.

तर पहिली जागा कुठली? बहुतेकांना आधी गृहसंकुल सुचतं. चारशे फ्लॅट, म्हणजे चारशे कुटुंबं, म्हणजे दीड हजार तोंडं! पण त्या प्रत्येक तोंडाच्या वर चाळीस सेकंदांच्या अंतरावर स्वतःचा फ्रीज आहे, हे कुणी मोजत नाही. सेक्रेटरी ऐकून घेतात आणि ‘विषय जनरल बॉडीत ठेवू’ म्हणतात. तिथे पार्किंगमधल्या गळतीनंतर आपला विषय येतो, आणि वीज कॉमन मीटरवरून का, मुलांचे दात किडले तर जबाबदार कोण, आणि हे मशीन चेअरमनच्या कोणत्या भाच्याचं आहे, एवढ्यावर सभा तहकूब होते. शाळा म्हणाल तर तिथे आवारात आणि आवाराबाहेर पन्नास मीटरपर्यंत चरबी, मीठ, साखर जास्त असलेलं काही विकायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी बंदी आहे, आणि मशीनमधून ते वजा केल्यावर उरतात चणे आणि पाणी. मॉल आणि मेट्रो यांना टेंडर, डिपॉझिट आणि मोठी माणसं लागतात. बजेटवाल्याने तिकडे फक्त मशिनं बघायला जावं.

राहतात त्या जागा दिवसा दिसतच नाहीत. एमआयडीसीतल्या लहान कारखान्याची थर्ड शिफ्ट, जिथे कॅन्टीन दिवसापुरतं आहे. होस्टेल, जिथे फाटक दहाला बंद होतं आणि भूक अकराला लागते. आणि माझ्या मते सगळ्यात पहिली, तीस-चाळीस खाटांचं खाजगी हॉस्पिटल. आयसीयूबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर रात्रभर नातेवाईक बसलेले असतात. त्यांना झोप येत नाही, लांब जाता येत नाही, आणि कोपऱ्यावरची टपरी पोलिसांच्या शिट्टीने अकरालाच मिटलेली असते. याच इमारतीत सॅनिटरी नॅपकिनचं मशीनही शोभतं, कारण तिथे माणूस नसणं हीच खरी सेवा आहे. असली मशिनं अनेक ठिकाणी रिकामी लोंबताना दिसतात, पण तो मशीनचा दोष नसतो, ती भरणं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं. अशा जागेची पाहणी फुकट होते. तीन रात्री जायचं, एक पावसाची धरून, आणि तीनच गोष्टी मोजायच्या: दोन वाजता जागी माणसं किती, उजेड असलेलं जवळचं दुकान किती पावलांवर, आणि पंधरा अँपियरचा प्लग कुठे. काचेचं मशीन अडीच-तीनशे किलोचं असतं आणि जुन्या हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचरही तिरकं जातं, हे चौथं.

आणि तिथे काचेचं मशीन न्यायचंच नाही. वजनाच्या तिकिटाचा धडा इथे कामाला येतो: छापील किंमत नसलेला माल विकावा. चहा! कपात पडलेल्या चहावर एमआरपी नसते. प्रीमिक्स, पाणी, कागदी कप मिळून सहा रुपये, विक्री पंधरा. क्यूआर जोडलेलं टेबलावरचं लहान मशीन चाळीस हजारांना पडलं आणि रात्रीचे चाळीस कप गेले असं धरू. ३६० सुटले, हॉस्पिटलला कपामागे दोन रुपये म्हणजे ८० दिले, वीज वीस. उरले २६०, महिन्याचे ७,८००. सव्वापाच महिन्यांत मशीन फिटतं. ‘पण मशीनचा चहा कोण पितो?’ दिवसा कोणीच पिऊ नये. उकळलेल्या, आलं ठेचलेल्या चहाशी प्रीमिक्सची तुलना करणं हा टपरीचा अपमान आहे. पण रात्री तीन वाजता दुसऱ्या उमेदवाराने अर्जच भरलेला नसतो, तेव्हा मशीनचा चहा बिनविरोध निवडून येतो. दहा मिनिटांत घरपोच माल आणणाऱ्या ॲपचं काय, असंही विचारतात. तो मुलगा फाटकाशी येऊन फोन करतो, आणि आयसीयूबाहेर मांडीवर पिशवी घेऊन डुलक्या घेणारी बाई एका चहासाठी मागवतही नाही आणि खाली उतरतही नाही.

डॉक्टरांपुढे बोलताना नफा शेवटी काढावा. त्यांना दोन वाक्यं पुरतात: भाडं मागू नका, कपामागे कमिशन घ्या, तीन महिने बघा, नको वाटलं तर मशीन उचलून नेतो. कागद एकच पान असावा, त्यावर एफएसएसएआयची नोंदणी, विजेचा वेगळा सबमीटर आणि बिघाड झाला तर कुणाला फोन करायचा तो मोबाइल नंबर. टोल फ्री नको. डॉक्टर ‘ठीक आहे, ॲडमिनला भेटा’ म्हणतात, ॲडमिन ‘सिक्युरिटीला विचारून घ्या’ म्हणतो, आणि अशा रीतीने प्रस्ताव शेवटी जिथे पोचायला हवा तिथे, फाटकावरच्या वॉचमनपाशी, पोचतो. कारण दुधाच्या पावडरीची नळी रोज धुवावी लागते, कप संपतात, आणि रात्री तीनला एखादे आजोबा मशीनसमोर चष्मा पुसत उभे राहतात तेव्हा त्यांचा फोन हातात घेऊन स्कॅन कोण करून देणार? रेल्वेला जे उशिरा कळलं ते आपण आधीच धरून चालावं. फॅसिलिटेटर लागणारच. त्याच्यासाठी करारात रात्रीचे दोन कप फुकट लिहावेत. सहा रुपयांनी बारा रुपये. ते त्याने स्वतः बटण दाबून घ्यावेत, म्हणजे हात बसतो. तिसरा कप तो न विचारता घेईल, तोही धरून १८.