अळीला प्रवेश नाही

सार्वजनिक बागेत हिरवळ लावतात ती मुख्यतः ‘हिरवळीवर बसू नये’ ही पाटी रोवायला जागा हवी म्हणून. ती बहुधा हरळीच्याच एखाद्या निवडक वाणाची असते. हीच हरळी शेतात दिसली तर शेतकरी मुळासकट खणून काढतो; बागेत तिला भर मे महिन्यात पाणी मिळते, मग शेजारच्या वस्तीत टँकर येवो न येवो. गवताचे परागण वाऱ्यावर होते आणि फुलोरा धरण्याआधीच कापणीयंत्र फिरते. मधमाशीला तिथे काहीच काम उरत नाही.

स्थानिक झाडांचा हिशेब निराळा. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराची अळी वाढते, कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉनची. निळ्या पट्ट्यांची मधमाशी भुईरिंगणीच्या फुलाला बिलगून अंग थरथरवते, तेव्हा परागकोशाच्या टोकाच्या भोकातून मिठाच्या डबीतून मीठ सांडावे तसा पराग सांडतो.

अडचण एवढीच की अळी पाने खाते. महाराष्ट्राने 2015 मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. त्याची अळी लिंबूवर्गीय झाडांवर वाढते आणि लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. भक्षकांना फसवण्यासाठी ही युक्ती उत्तम. सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांपुढे मात्र ती चालत नाही. ‘कीड लागली’ असा अर्ज जातो, तत्परतेने फवारणी होते, मग झाडही उपटले जाते. रिकाम्या जागेत पुन्हा हिरवळ अंथरतात, कारण तिच्या देखभालीची निविदा काढता येते. रुई फुकट उगवते. तिचे बिल कोणाच्या नावे काढायचे?