दोन्ही हात मोकळे असल्यास

धुळ्याच्या कचेरीत फिर्यादी, जबाब आणि पंचनामे यांच्या सान्निध्यात उभी हयात घालविलेल्या मनुष्यास स्वसंरक्षणाची विद्या निराळी शिकावी लागेल, असे मला कधी वाटले नव्हते. परंतु सेवानिवृत्तीनंतर जळगावी मुलाकडे राहावयास आलो, नातीस कराटेच्या वर्गास पोहोचविण्याचे काम अंगावर आले, आणि बाकावर बसून राहण्यापेक्षा रांगेत उभे राहणे प्रकृतीस अधिक हितावह, हा तेथील सरांचा अभिप्राय शिरसावंद्य मानून मीही कमरेस पांढरा पट्टा बांधला.

पोरांच्या रांगेत हा म्हातारा शोभत नाही, अशी कुजबुज घरात झाली तेव्हा मी दप्तरी दाखला पुढे केला. आपल्या खानदेशाची पूर्व आणि पश्चिम अशी वाटणी 1906 साली झाली, त्याच सुमारास तिकडे ओकिनावा बेटावर आंको इतोसु यांनी आम्ही वर्गात गिरवतो ते प्राथमिक काते, म्हणजे काल्पनिक शत्रूंशी लढण्याच्या हालचालींचे ठरीव क्रम, शाळकरी मुलांसाठीच सिद्ध केले होते. पुढे 1922 साली गिचिन फुनाकोशी यांनी ही विद्या टोकियोस नेली आणि त्यांच्या परंपरेत पहिल्या कात्यास ‘हेइआन शोदान’ हे नाव रूढ झाले. तेव्हा या कात्याचे मूळ मालक पोरेच. मी केवळ कूळ.

कात्यात 21 हालचाली आणि वळणे बहुतेक काटकोनी. धुळ्याच्या क्रमांकवार सरळ गल्ल्यांतून फिरल्यासारखीच ती मला वाटली. नवल वाटले ते काल्पनिक शत्रूंचे. डावीकडच्याचा निकाल लागेपर्यंत उजवीकडचा आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट पाहत तिष्ठत राहतो, आणि इतका सुशील इसम मी उभ्या नोकरीत पाहिलेला नाही. शिवाय कोणत्याही दिशेस वळले तरी पहिली हालचाल बचावाची, ठोसा मागाहून. म्हणजे संरक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करू नये, असे बजावणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या 37व्या कलमासही हरकत घेण्यास जागा नाही.

खरा प्रत्यय चौथ्या हालचालीस आला. पुढचा पाय मागे ओढून मूठ वर्तुळाकार फिरवीत हातोड्यासारखी खाली आणणे, हे मी तोवर निव्वळ नृत्य समजत होतो; पण नातीने मनगट घट्ट धरले आणि मी जोर करकरून घामाघूम झालो, तेव्हा तीच म्हणाली, “आबा, जोर नका लावू, अंगठ्याकडून काढा ना!” चार बोटांसमोर अंगठा एकटा पडतो, पकड तेथेच कच्ची असते, आणि हात त्या फटीतून विनासायास सुटतो. ठोशाच्या वेळी कमरेकडे परतणारी दुसरी मूठही शोभेची नसून प्रतिपक्षाची बाही खेचून त्याचा तोल घालविण्यासाठी असते, असा खुलासा सरांनी केला.

यावर मी नम्रपणे हरकत नोंदविली, की या साऱ्या योजनेत दोन्ही हात मोकळे गृहीत धरलेले आहेत, आणि बाजारातून परतणाऱ्या खानदेशी गृहस्थाचे ते कधीही नसतात. एका हातात छत्री, दुसऱ्यात पिशवी. सरांनी क्षणाचाही विलंब न लावता निर्णय दिला, की पिशवी हल्लेखोराच्या पायांवर टाकावी आणि पळत सुटावे. सर्वांत व्यवहार्य प्रयोग तोच. हा हुकूम मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु हिवाळ्याचे दिवस असून पिशवीत बामणोदची भरिताची वांगी असल्यास त्याची अंमलबजावणी मी पुढील आदेशापर्यंत तहकूब ठेवली आहे.