साठवलेली रजा

अहो वहिनी, ती नळी ठेवा बाजूला नि जरा कुंपणापाशी या. कढीपत्ता हवाय ना, तोडा खुशाल, फांदी तशीही तुमच्याच अंगणात आलीये. मला एक सांगा, 31 तारखेला भाऊजी रिटायर होतायत आणि कॉलनी सत्कार करतेय, ते मानपत्र वाचलंत का? आमच्या ह्यांना सेक्रेटरींनी दाखवलं. 'हसतमुख, निगर्वी, अजातशत्रू.' म्हणजे गेल्या वर्षी बँकवाल्या काकांना जे दिलं तेच. नुसतं नाव बदललंय, चौकटसुद्धा तीच सोनेरी.

भाऊजी आणि अजातशत्रू! पाण्याच्या टाकीच्या वेळी हातातली छोटी हातोडी घेऊन भिंत ठोकत फिरत होते, आठवतंय? कान लावून ऐकायचे. एका कोपऱ्यात आवाज पोकळ आला तर सगळा कोपरा फोडायला लावला कंत्राटदाराला. तो माणूस अजून त्यांचं नाव घेतलं की तोंड फिरवतो. पण टाकी आजवर गळली का? नाही ना? मग ते लिहा की मानपत्रात!

नाहीतर आमच्या दिरांकडून ऐका एखाद्या साहेबाचं कौतुक. ते उभी नोकरी पवईला, एल अँड टीत. कांजूरमार्गला उतरायचं आणि पुढे बस. नाईकसाहेबांचा विषय निघाला की चहा गार होतो त्यांचा. ए. एम. नाईक हो, अनिल मणिभाई. छे, आपल्यातले नव्हेत, गुजराती, नवसारीकडचे. वडील मुंबईत गणिताचे मास्तर. ते सोडून गावाकडे, खारेलला, शाळा चालवायला गेले. मुलगा इंजिनिअर झाला आणि 15 मार्च 1965 ला कंपनीत चिकटला. पगार 670 रुपये. आणि शेवटचा नमस्कार केला 30 सप्टेंबर 2023 ला! तशी 2017 मध्ये रोजच्या कारभाराची खुर्ची सोडली होती, पण अध्यक्ष राहिलेच. आपल्याकडे माणूस अठ्ठावन्नव्या वर्षी घरी बसतो, ह्यांची नुसती नोकरीच 58 वर्षं.

पैसा मिळाला असेल म्हणता? मिळाला ना. पण दीर वेगळंच सांगतात. दोघा डॅनिश इंजिनिअरांनी 1938 मध्ये काढलेली ती कंपनी, घरचा मालक असा कुणी उरला नव्हता. आधी अंबानींनी बरेच शेअर घेतले, मग 2001 मध्ये त्यांनी ते बिर्लांना विकले. तेव्हा पवईच्या कँटीनमध्ये एकच विषय, आता आपण कुणाचे? नाईक अडून बसले. शेवटी सिमेंटचा धंदा बिर्लांकडे गेला, तेच आताचं अल्ट्राटेक, आणि बिर्लांकडचे शेअर कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने घेतले. भाऊबंदकीत आमराई देऊन राहतं घर वाचवावं, तसं झालं ते. दिरांना आजही एवढं सांगताना गहिवर येतो. सिमेंटवाल्या लोकांना काय वाटलं असेल, ते मात्र कधी सांगत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, 'वहिनी, भजी आणखी आहेत का?'

आणि दानधर्म बघा. 2016 मध्ये जाहीर केलं, मिळकतीतला 75 टक्के भाग समाजाला देणार. नात होती निराली, दोन वर्षांची, कॅन्सरने गेली हो. तिच्या नावाने नवसारीला हॉस्पिटल उभं केलं. 2022 च्या जूनमध्ये पंतप्रधान आले होते उद्घाटनाला. खारेलला शिक्षणाचं काम, पवईला शाळा. पेपरात वाचलेलं मला अजून आठवतं, कपाटात म्हणे सहा शर्ट, तीन सूट. आमच्या ह्यांच्याकडे त्याहून जास्त आहेत आणि तरी लग्नाला जाताना घालायला काही नसतं.

आता मी ज्यासाठी तुम्हाला हाक मारली ते ऐका. रजा! नाईकसाहेब रजाच घ्यायचे नाहीत. स्वतःच मुलाखतींमधून सांगायचे. साठत साठत गेली आणि शेवटी त्या रजेचेच कोट्यवधी रुपये झाले. पेपरवाल्यांनी केवढ्या मथळ्यात छापलं होतं! दीर तर 'बघा, ह्याला म्हणतात निष्ठा' म्हणून कात्रण घेऊन आले. मी दिरांना म्हटलं, ती रजा एकट्या नाईकांची होती का? त्यातले निम्मे दिवस घरच्यांचे असतील की. पोराची मुंज, सासूचं आजारपण, दिवाळीचा फराळ, हे सगळं कुणीतरी उरकलंच असेल ना त्या घरात? त्या बाईंचा सत्कार कुठे छापून आला?

हो, हो, तेच! नाईकांनंतर आले ते सुब्रह्मण्यन. 2025 च्या जानेवारीत म्हणाले ना, आठवड्याला 90 तास काम करा, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार! आमचे हे हसले मोठ्याने. मी म्हटलं, तुम्ही मोबाइलमधून मान वर काढली तर बघाल.

भाऊजींची कंपनी वेगळी, मला माहितीये. पण रजेचं तेच. धाकटीच्या बारशाला कारखान्यात शटडाउन होता, रात्री साडेदहाला हेल्मेट हातात घेऊन आले होते. पाहुणे जेवून गेलेले. तुम्ही श्रीखंडाची वाटी झाकून ठेवलेली, मी होते ना तिथे. आणि त्यांना मिळणार किती? 2025 पर्यंतच्या कारखान्याच्या कायद्यात पुढच्या वर्षी नेता यायची ती एरवी 30च दिवस. कंपनीने जास्त साठवू दिली असेल तर उत्तमच. तसं असेल तर 2023 पासून खाजगीवाल्यांना रजेच्या पैशावर 25 लाखांपर्यंत कर नाही. आधी 3 लाखच होते. सीएला विचारा हं नक्की, फॉर्म भरताना गडबडीत राहून जातं.

आणि सत्काराचं मी सेक्रेटरींना सांगून टाकलंय. तुमची खणानारळाने ओटी भरून तुम्हाला खुर्चीत बसवून ठेवायचं चालणार नाही. भाऊजींना फेटा बांधून झाला की माइक तुमच्या हातात. नाही कशाला म्हणता? टाकीचं सांगा, हातोडीचं सांगा, बारशाचंही सांगा. भाऊजी रागावले तर रागावू देत, आता रागवायला वेळच वेळ आहे त्यांना. सेक्रेटरी म्हणाले, 'वहिनींना पाच मिनिटं देतो.' मी म्हटलं, पंधरा. दहावर तुटलंय. लिहून काढा आणि संध्याकाळी मला वाचून दाखवा. आणि ते 'अजातशत्रू' खोडायला हे गेलेतच सेक्रेटरींकडे.